लगाम, डॉलर आणि नाजा

ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोतल्या दुकानात चांदीत जडवलेल्या निळ्या पिरोज्याचा दागिना हातात घेतला, की विक्रेता हमखास 'हजारो वर्षांची परंपरा' ऐकवतो. पिरोज्यापुरते ते ठीक आहे. चाको कॅन्यनमधल्या थडग्यांत हजार वर्षांपूर्वीचे पिरोज्याचे मणी ढिगांनी सापडले. नवाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांचे चांदीकाम मात्र जेमतेम दीडशे वर्षांचे आहे.

त्याची सुरुवात लोखंडात झाली. आत्सिदी सानी हा नवाहो माणूस १८५० च्या आसपास एका मेक्सिकन लोहाराकडे काम शिकला. घोड्यांची कडियाळी आपल्या लोकांनी मेक्सिकनांकडून विकत घेण्यापेक्षा आपणच घडवून विकावीत, हा त्याचा साधा धंदेवाईक हिशेब. पुढे १८६४ मध्ये अमेरिकी लष्कराने नवाहोंची शेते जाळली, पीचच्या बागा तोडल्या आणि हजारो माणसांना सुमारे ३०० मैल चालवत बॉस्क रेदोंदोच्या छावणीत नेले. तिथे शिध्यासाठी धातूचे बिल्ले मिळत. नवाहो कारागिरांनी त्यांच्या हुबेहूब नकला पाडल्या! उपाशी माणसाने हातातली कला आणखी कशासाठी वापरायची?

१८६८ च्या तहानंतर ते मायदेशी परतले आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते चांदीकाम रुजले ते त्यानंतर. चांदी कुठली, तर बाजारातलीच: अमेरिकी डॉलर आणि मेक्सिकन पेसो वितळवायचे. फोर्ट विन्गेटचे लष्करी डॉक्टर वॉशिंग्टन मॅथ्यूज यांनी १८८० च्या सुमारास हे काम शेजारी बसून पाहिले आणि लिहून ठेवले. भाता बकऱ्याच्या कातड्याचा, मूस मातीची, ऐरण म्हणून एखादा दगड किंवा जुन्या लोखंडाचा तुकडा. पोकळ मणी करताना पत्र्याच्या चकत्या कापून साच्यात ठोकायच्या, दोन वाट्या तयार करायच्या आणि कडा घासून झाळायच्या. झाळायला चरबीत भिजवलेल्या चिंधीची ज्योत आणि पितळी फुंकणी. आपल्या जुन्या सोनाराला हे दुकान परके वाटले नसते.

नक्षीची कुळकथा त्याहून मजेदार आहे. हाराच्या मध्यभागी लोंबणारी चंद्रकोर, म्हणजे 'नाजा', मूर लोकांकडून स्पेनमध्ये, तिथून मेक्सिकोत आणि तिथून घोड्याच्या कपाळपट्टीवरून नवाहोंच्या गळ्यात आली. भोपळ्याची फुले म्हणून खपणारे मणी मुळात मेक्सिकन कपड्यांवरच्या डाळिंबाच्या आकाराच्या गुंड्या. ठशांची कल्पना चामड्यावर नक्षी उठवणाऱ्या कारागिरांची. एवढे उसने घेऊनही दागिना पाहताक्षणी नवाहो म्हणून ओळखू येतो, ही त्या हातांची कमाल.

पिरोजा चांदीत बसला तो १८८० च्या सुमारास. पहिला मान आत्सिदी चोन या कारागिराला देतात. घरात रोकड नसली की हे दागिने व्यापाऱ्याकडे गहाण पडत आणि सणासमारंभाला सोडवून आणले जात. जड, जाड पत्र्याचे, अंगभर घालायचे काम होते ते. १८९९ पासून फ्रेड हार्वी कंपनीने रेल्वेच्या प्रवाशांसाठी हलक्या वजनाचे दागिने करवून घ्यायला सुरुवात केली. पातळ कड्यांवर बाण आणि गरुड उमटले, कारण प्रवाशाला 'इंडियन' म्हणून तेच हवे होते. ही सवंगता कारागिरांच्या माथी मारणे मला पटत नाही. मागणी गिऱ्हाइकाची होती.

आज नकलांचा पूर आहे. रंगवलेला हाउलाइट नावाचा दगड पिरोजा म्हणून विकला जातो, परदेशी माल नवाहो म्हणून. १९९० च्या अमेरिकी कायद्यानुसार माल नवाहोंचा असल्याचे खोटे सांगून विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा ग्रँड कॅन्यनला जाणाऱ्या मंडळींनी घासाघीस करण्याआधी कारागिराचे नाव विचारावे, आणि दुकानदाराने ते पावतीवर लिहून दिले तरच पाकीट उघडावे.