वसमत कोणत्या खणात ठेवायचं?

पेट झाली, विषय मंजूर झाला, वाचनही भरपूर झालं. पण ते वाचलेलं आता आहे कुठं? ग्रंथालयात काढलेले पानांचे फोटो मोबाईलच्या गॅलरीत, लग्नाच्या फोटोंच्या मध्ये अडकलेले. पीडीएफ 'डाउनलोड'मध्ये. आणि रात्री सुचलेला मुद्दा स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप केलेला. ही अडचण मोबाईलमुळं आली असं वाटत असेल, तर जरा पुण्याकडे बघा.

1948 साली, म्हणजे ज्या वर्षी आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला त्याच वर्षी, डेक्कन कॉलेजात सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक शब्दकोशाचं काम सुरू केलं. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे 1500 ग्रंथ वाचायचे आणि एकेक शब्द वेगळ्या चिठ्ठीवर उतरवायचा. 1973 पर्यंत, तब्बल 25 वर्षं, हेच चाललं. चिठ्ठ्या झाल्या सुमारे एक कोटी.

एवढ्या ढिगात हवी ती चिठ्ठी सापडते कशी? चिठ्ठीवर शब्द असतो, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य असतं आणि ग्रंथाचा नेमका संदर्भ असतो. म्हणजे ती कुणी लिहिली हे विचारायची गरजच पडत नाही. लिहिणारा निवृत्त झाला तरी चिठ्ठी बोलते. तुमच्या गॅलरीतला फोटो बोलतो का? पुस्तकाचं नाव मागच्या फोटोत, पान क्रमांक कापला गेलेला, आणि फोटो कशासाठी काढला ते फक्त त्या दिवशीच्या तुम्हाला माहीत!

इंग्रजीच्या ऑक्सफर्ड कोशाचंही काम अशाच चिठ्ठ्यांवर झालं. तिथं एक चिठ्ठी गहाळ झाली आणि 'बाँडमेड' हा शब्द 1888 च्या पहिल्या खंडात आलाच नाही. त्यांच्या काही चिठ्ठ्या तर आयर्लंडमध्ये चूल पेटवायला गेल्या होत्या म्हणे.

पण हरवण्यापेक्षा जास्त नुकसान चुकीच्या खणात ठेवल्यानं होतं, असं माझं मत आहे. समजा, तुम्ही वसमतच्या हळद बाजाराच्या इतिहासावर काम करताय. 'हिंगोली जिल्हा' असं फोल्डर केलंत आणि शोधायला बसलात. हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 ला. त्याआधीचं वसमत परभणीत. 1956 पर्यंतची कागदपत्रं हैदराबाद राज्याखाली लागतात. मग 1960 पर्यंत मुंबई राज्य, त्यानंतर महाराष्ट्र. आणि नाव? जुन्या इंग्रजी गॅझेटियरात 'बसमत'. रेल्वे स्टेशनही 'बसमत'च. गाव एकच, पण जसं सापडलं तसं साठवत गेलात तर तुमच्याकडं त्याचे चार-पाच ढीग होतात आणि एकातलं दुसऱ्याला कळत नाही.

कोशवाल्यांना हे रोजचंच. संस्कृतात एकाच शब्दाची रूपं किती! ती सगळी एका मूळ शब्दाखाली आणावी लागतात. तुम्हीही तेच करा. चिठ्ठीच्या डोक्यावर 'वसमत' हाच एक शब्द ठेवा, आणि मूळ कागदात जे लिहिलंय (बसमत, परभणी जिल्हा, अमुक साल) ते खाली जसंच्या तसं उतरवा. दुरुस्त करू नका, तो पुरावा आहे. त्याखाली एक ओळ तुमची: हे मी का टिपलं? ही ओळ वेगळ्या शाईत, नाहीतर सहा महिन्यांनी तुमचं मत आणि लेखकाचं मत यांची खिचडी होते. वही, एक्सेल, झोटेरो, काहीही चालेल. त्यावर भांडण्यात एक सत्र जातं, एवढंच.

आता दुसरी बाजू. या कोशाचा पहिला भाग अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली निघाला तो 1976 ला. पुढं 35 खंड झाले तरी 'अ' संपला नव्हता. संस्थेला ते परवडतं, कारण तिथं एक पिढी गेली की दुसरी येऊन बसते. तुमच्या फेलोशिपची मुदत मात्र ठरलेली असते आणि गाईड दर सहामाहीला प्रगती अहवाल मागतात. म्हणून 'हळद : भाव' या खणात पंधरा-वीस चिठ्ठ्या जमल्या की त्या बाहेर काढा, टेबलावर सालवार लावा आणि दोन पानं लिहून बघा. मधली कुठली सालं रिकामी आहेत ते तिथंच दिसेल, आणि पुढच्या खेपेला परभणीला जाऊन काय मागायचं तेही.