मायक्रोफिल्म : इतिहास, व्यावसायिक संघटना आणि ख्रिस्तसभेचा वारसा

विवाह ठरला, परदेशी जाण्याची तयारी सुरू झाली किंवा घराण्याचा जुना दाखला हवा असला, की आपली पावले धर्मग्रामाच्या कार्यालयाकडे वळतात. तेथील कपाटातून एक जाडजूड नोंदवही बाहेर काढली जाते आणि पन्नास-साठ, कधी शंभर वर्षांपूर्वीच्या शाईतील दोन ओळींवरून आपला दाखला तयार होतो. अनेक ठिकाणी ती नोंदवही एकच असते. कोकणपट्टीची दमट हवा, वाळवी, फिकी पडत चाललेली शाई आणि सततची हाताळणी हे तिचे शत्रू आहेत. अशा कागदपत्रांचे रक्षण कसे करावे, या प्रश्नाला विसाव्या शतकाने दिलेले सर्वांत भक्कम उत्तर म्हणजे मायक्रोफिल्म. तिचा इतिहास, तिच्या व्यवसायाला शिस्त लावणारी संघटना आणि ख्रिस्तसभेने तिचा करून घेतलेला उपयोग यांचा परिचय आम्ही या लेखात करून देत आहोत.

मायक्रोफिल्म म्हणजे काय?

कागदपत्रांची छायाचित्रे अतिशय लहान आकारात ज्या फिल्मवर घेतली जातात, तिला मायक्रोफिल्म म्हणतात. ही फिल्म सामान्यतः १६ किंवा ३५ मिलिमीटर रुंदीची असून ती रिळावर गुंडाळलेली असते. साधारण पोस्टकार्डाएवढ्या सपाट फिल्मवर ओळीने पाने टिपली, तर तिला मायक्रोफिश म्हणतात. अशा एका तुकड्यावर ९८ पाने मावू शकतात. वाचकयंत्रात दिवा आणि भिंग असते. त्याच्या साह्याने पान पुन्हा मोठे होऊन पडद्यावर दिसते. या साधनाचे खरे बळ येथेच आहे. संगणकातील फाईल उघडण्यासाठी योग्य यंत्र आणि योग्य प्रणाली लागते. मायक्रोफिल्म वाचण्यासाठी मात्र प्रकाश आणि भिंग एवढेच पुरते.

कबुतरांच्या पाठीवरून

सूक्ष्म छायाचित्रणाचा आरंभ इंग्लंडमधील जॉन बेंजामिन डान्सर या उपकरणनिर्मात्याने १८३९ साली केला. छायाचित्रणाची कला जगासमोर आली ते हेच वर्ष. डान्सरची इवलीशी चित्रे प्रामुख्याने सूक्ष्मदर्शकातून पाहण्याची गंमत ठरली. फ्रान्समधील रने दाग्रों यांनी १८५९ साली या तंत्राचे पेटंट घेतले.

या खेळण्याचे खरे मोल युद्धाने दाखवून दिले. सप्टेंबर १८७० मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहरातून पत्रे बाहेर पाठवण्यासाठी फुग्यांचा उपयोग होई. परंतु वाऱ्यावर चालणारा फुगा शहरात परत आणणे शक्य नव्हते. तेव्हा दाग्रों नोव्हेंबरमध्ये फुग्यातूनच वेढ्याबाहेर पडले आणि तूर शहरी पोहोचले. तेथे त्यांनी शेकडो संदेश एकत्र मांडून त्यांची छायाचित्रे पातळ फिल्मवर उतरवण्यास आरंभ केला. एका फिल्मचे वजन ग्रॅमचा जेमतेम विसावा भाग भरे. अशा अनेक फिल्म एका नळीत गुंडाळून ती कबुतराच्या शेपटीच्या पिसाला बांधली जाई. कबुतर पॅरिसला पोहोचले, की जादूच्या कंदिलाने अक्षरे भिंतीवर मोठी करून लेखनिक ती उतरवून घेत आणि पत्रे घरोघरी पोहोचवली जात. वेढ्यात अडकलेल्या कुटुंबांना आपल्या माणसांची खबर मिळाली ती अशी.

बँकेतून ग्रंथालयात

त्यानंतरची झेप एका बँक अधिकाऱ्याने घेतली. न्यूयॉर्क येथील जॉर्ज मॅकार्थी यांनी बँकेत वटणाऱ्या धनादेशांच्या प्रती फिल्मवर टिपणारे यंत्र तयार केले व १९२५ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. ईस्टमन कोडॅक कंपनीने ते विकत घेऊन १९२८ पासून ‘रेकॉर्डॅक’ या नावाने बाजारात आणले. खातेदाराचा धनादेश परत केला तरी त्याचा पुरावा बँकेकडे राहू लागला. १९३५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकाचे अंक मायक्रोफिल्मवर उतरवण्याचे काम सुरू झाले.

ग्रंथालयांनाही या साधनाचे महत्त्व पटले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९२७ ते १९३५ या काळात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ग्रंथांच्या व हस्तलिखितांच्या तीस लाखांहून अधिक पानांच्या प्रती फिल्मवर करून घेतल्या. १९३८ मध्ये युजीन पॉवर यांनी मिशिगनमधील ॲन आर्बर येथे ‘युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स’ ही संस्था स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धात तर सैनिकांची पत्रेही फिल्मवरून जाऊ लागली. ब्रिटनची ‘एअरग्राफ’ सेवा १९४१ मध्ये, तर अमेरिकेची ‘व्ही-मेल’ सेवा १९४२ मध्ये सुरू झाली. दीड लाख पत्रांना जेथे ३७ पोती लागत, तेथे त्यांच्या फिल्मला एक पोते पुरे होई.

व्यवसायाची संघटना

धंदा वाढला तसा गोंधळही वाढला. एकाचा कॅमेरा, दुसऱ्याची फिल्म, तिसऱ्याचे वाचकयंत्र, आणि प्रत्येकाची रीत निराळी. दस्तऐवज किती लहान करावा, धुलाई कशी करावी, फिल्म किती वर्षे टिकेल, याबद्दल सर्वमान्य नियमांची गरज होती. या पार्श्वभूमीवर १९४३ साली अमेरिकेत ‘नॅशनल मायक्रोफिल्म असोसिएशन’ ही संघटना स्थापन झाली. यंत्रे बनवणारे, फिल्म काढून देणारे आणि ती वापरणारे असे सर्वजण तिच्यात एकत्र आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात छायाचित्र विभागाचे काम पाहिलेले व्हर्नन टेट यांच्यासारखे अभिलेखतज्ज्ञही तिच्या कार्यात अग्रभागी होते.

या संघटनेने परिषदा व प्रदर्शने भरवली, तांत्रिक साहित्य प्रकाशित केले. परंतु तिचे चिरस्थायी कार्य म्हणजे मानके ठरवणे. एक उदाहरण पाहू. फिल्म धुताना वापरलेले ‘हायपो’ हे रसायन नीट निघून गेले नाही, तर काही वर्षांनी चित्र डागाळते व फिके पडते. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रसायनाचा अवशेष किती चालेल आणि तो कसा तपासावा, हे ठरवून द्यावे लागते. प्रत्येक रिळाच्या आरंभी बारीक रेषांचा तक्ता टिपून चित्राची सुस्पष्टता पाहावी, पानासोबत मोजपट्टी दिसावी, मूळ फिल्म एका जागी आणि वापरावयाची प्रत दुसऱ्या जागी ठेवावी, असे दंडक या क्षेत्रात रूढ झाले. त्यामुळेच योग्य रीतीने तयार केलेली व थंड, कोरड्या जागी ठेवलेली पॉलिएस्टर फिल्म सुमारे ५०० वर्षे टिकेल, असा अंदाज तज्ज्ञ देऊ शकतात.

काळानुसार संघटनेचे नावही बदलले. १९७० च्या दशकात ती ‘नॅशनल मायक्रोग्राफिक्स असोसिएशन’ झाली आणि १९८० च्या दशकात ‘असोसिएशन फॉर इन्फर्मेशन अँड इमेज मॅनेजमेंट’, म्हणजेच ‘एआयआयएम’, या नावाने ओळखली जाऊ लागली. संगणक आल्यावर तिने आपले दार बंद केले नाही. दीर्घकाळ जतन करावयाच्या संगणकीय दस्तऐवजांसाठी ‘पीडीएफ/ए’ हे आंतरराष्ट्रीय मानक २००५ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या सिद्धतेत या संघटनेचा मोठा वाटा होता. साधन बदलले, पण उद्याच्या वाचकाला आजचा कागद वाचता आला पाहिजे हे ध्येय तेच राहिले.

ख्रिस्तसभा आणि मायक्रोफिल्म

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात स्थापन केलेला इटलीतील मोंते कासिनोचा मठ फेब्रुवारी १९४४ मध्ये बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाला. तेथील मौल्यवान हस्तलिखिते काही महिने आधीच रोमला हलवली होती, म्हणून ती वाचली. या घटनेने साऱ्या ख्रिस्ती जगाला सावध केले. युद्धानंतर अमेरिकेतील सेंट लुईस विद्यापीठाच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी व्हॅटिकन ग्रंथालयातील हस्तलिखितांच्या प्रती मायक्रोफिल्मवर करण्याची योजना मांडली. पोप बारावे पायस यांनी तिला संमती दिली आणि ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ या कॅथलिक संघटनेने आर्थिक भार उचलला. १९५१ ते १९५७ या काळात हजारो हस्तलिखिते फिल्मवर उतरली आणि रोमला जाऊ न शकणाऱ्या अभ्यासकांसाठी ‘व्हॅटिकन फिल्म लायब्ररी’ उभी राहिली.

मिनेसोटा राज्यातील सेंट जॉन्स मठाच्या बेनेडिक्टीन संन्याशांनी १९६५ मध्ये असेच कार्य हाती घेतले. फादर ऑलिव्हर काप्स्नर यांनी ऑस्ट्रियातील मठांपासून आरंभ केला. १९७० च्या दशकात हे काम इथिओपियात पोहोचले. तेथे १९७४ साली राज्यक्रांती होऊन मोठी उलथापालथ झाली. परंतु हजारो प्राचीन हस्तलिखितांच्या प्रती फिल्मवर सुरक्षित झाल्या. ‘हिल म्युझियम अँड मॅन्युस्क्रिप्ट लायब्ररी’ या नावाने ही संस्था आज संगणकीय छायाचित्रणाद्वारे तेच व्रत चालवीत आहे.

आपल्या इतिहासाचाही एक धागा येथे जोडलेला आहे. वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीज सत्तेखाली होती आणि तिचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयकडे असे. त्यामुळे त्या काळच्या घडामोडी जाणून घेण्यासाठी गोवा व लिस्बन येथील दप्तरे पाहावी लागतात. फादर आंतोनियो द सिल्वा रेगो या धर्मगुरू-इतिहासकारांच्या मार्गदर्शनाखाली १९५० च्या दशकात लिस्बन येथे ‘फिल्मोतेका उल्त्रामारीना पोर्तुगेझा’ ही संस्था कार्य करू लागली. गोव्यातील जुन्या दप्तरांच्या फिल्म तिच्या संग्रहात आहेत. मूळ कागद गोव्यातच राहिले आणि अभ्यासकांना त्यांची प्रत दूरदेशीही उपलब्ध झाली.

दुसरी बाजू

मायक्रोफिल्मचे गुण सांगताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जुनी ॲसिटेट फिल्म उष्ण व दमट जागी कुजते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो. त्याहून मोठी चूक माणसांकडून घडली. फिल्म झाली म्हणून कित्येक ग्रंथालयांनी वृत्तपत्रांचे मूळ अंक मोडीत काढले. पुढे काही फिल्म अस्पष्ट निघाल्या, पाने सुटलेली आढळली, पण मूळ अंक हाताशी राहिले नव्हते. निकल्सन बेकर यांनी २००१ साली ‘डबल फोल्ड’ या पुस्तकात या प्रकारावर कठोर टीका केली. प्रत ही मूळ कागदाची राखणदार आहे. ती त्याची वारसदार नव्हे.

प्रत कोणाच्या हाती जाते, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील मॉर्मन पंथाशी संलग्न असलेल्या युटा येथील वंशावळी संस्थेने १९३८ पासून जगभरातील नोंदवह्यांच्या मायक्रोफिल्म तयार केल्या. कुटुंबांचा इतिहास शोधणाऱ्यांना त्यांचा मोठा लाभ झाला. परंतु त्या पंथात मृत व्यक्तींच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची प्रथा असल्याने एप्रिल २००८ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मगुरूविषयक मंत्रालयाने धर्मग्रामांच्या नोंदवह्या त्या संस्थेला देऊ नयेत, अशी सूचना जगभरच्या बिशप परिषदांना केली. नोंदवहीतील नाव ही एका श्रद्धावंताच्या जीवनाची ठेव आहे आणि तिच्या विश्वस्तपणाची जबाबदारी ख्रिस्तसभेवर आहे, हे त्यामागील तत्त्व होते.

आपले कर्तव्य

ट्रेंट विश्वपरिषदेने १५६३ साली विवाहांची नोंद ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. आजच्या धर्मकायद्याचा ५३५ वा नियम प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवाव्यात आणि जुन्या नोंदवह्याही काळजीपूर्वक जपाव्यात असे सांगतो. ख्रिस्तसभेच्या सांस्कृतिक वारशासाठी नेमलेल्या परमपीठीय आयोगाने फेब्रुवारी १९९७ मध्ये अभिलेखागारांच्या प्रेषितीय कार्याविषयी परिपत्रक काढले. जुने कागद सांभाळणे हे केवळ कारकुनी काम नसून श्रद्धेच्या परंपरेची सेवा आहे, असाच त्याचा आशय आहे.

हयगयीची किंमत काय असते, हे मराठी ख्रिस्ती माणसाला वेगळे सांगायला नको. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा छापले गेले; परंतु त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. हे महाकाव्य आपल्यापर्यंत पोहोचले ते श्रद्धावंतांनी हाताने उतरवून ठेवलेल्या नकलांमुळे. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता; चिकाटी होती.

आज मोबाइलवर पान टिपणे सोपे झाले आहे. परंतु घाईने काढलेली छायाचित्रे म्हणजे जतन नव्हे. मायक्रोफिल्मच्या व्यवसायाने घालून दिलेली शिस्त आम्हांला आजही मार्गदर्शक वाटते. पाने क्रमाने व संपूर्ण टिपावीत. प्रत्येक प्रत मुळाशी ताडून पाहावी. एक प्रत धर्मग्रामात आणि दुसरी धर्मप्रांताच्या अभिलेखागारात, अशा दोन वेगळ्या जागी ठेवावी. संगणकीय प्रती काही वर्षांनी उघडून तपासाव्यात व नव्या साधनांवर उतरवाव्यात. खासगी नोंदी अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय कोणाच्याही हाती देऊ नयेत. आणि मूळ नोंदवही कोरड्या, हवेशीर जागी, वाळवीपासून दूर, सन्मानाने जपावी.

हे काम एकट्या धर्मगुरूंचे नाही. आपल्या धर्मग्रामात ग्रंथपाल आहेत, शिक्षक आहेत, संगणक जाणणारे तरुण आहेत आणि जुनी वळणे वाचू शकणारी ज्येष्ठ मंडळीही आहेत. प्रमुख धर्मगुरूंच्या मार्गदर्शनाखाली या सर्वांनी एकत्र येऊन नोंदवह्यांच्या जतनाचे काम हाती घेतल्यास, आपल्या पूर्वजांची नावे आपल्या नातवंडांनाही वाचता येतील, असा आम्हांला विश्वास वाटतो.