फोन तुमचा, पण मर्जी कोणाची? पर्यायी ऑपरेटिंग सिस्टिमची सविस्तर ओळख

नवा फोन घेतला, चालू केला आणि पहिल्याच दिवशी त्यात न मागितलेली पंधरा-वीस ॲप्स सापडली, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. त्यातली काही काढता येतात, काही नुसती ‘डिसेबल’ होतात आणि काही तर तेवढीही दाद देत नाहीत. बऱ्याच फोनमध्ये फाइल मॅनेजर उघडला की जाहिरात, थीम बदलायला गेलं की जाहिरात. दोन-तीन वर्षांनी अपडेट यायचं बंद होतं आणि चांगला चालणारा फोन ‘जुना’ ठरतो.

अशा वेळी मित्रांपैकी कोणीतरी सांगतं, ‘अरे, कस्टम रॉम टाक ना!’ किंवा ‘विंडोज सोड, लिनक्स वापर.’ सल्ला चांगला असतो, पण अर्धवट असतो. हे पर्याय नक्की काय आहेत, त्यांतून काय मिळतं आणि भारतात राहून, यूपीआय वापरत असताना त्यांची किंमत काय मोजावी लागते, ते या लेखात सविस्तर पाहू.

वैताग नेमका कुठून येतो?

अँड्रॉइड ही एकच वस्तू नाही. तिचे थर असतात. सगळ्यात खाली लिनक्स कर्नल असतो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना सुरू केलेला हा कर्नल हार्डवेअरशी बोलायचं काम करतो. त्यावर अँड्रॉइडचा मूळ भाग, म्हणजे ‘अँड्रॉइड ओपन सोर्स प्रोजेक्ट’. याचा कोड खुला आहे, कोणीही घेऊन त्यात बदल करू शकतं. त्याच्यावर गुगलचा थर येतो, त्यात प्ले स्टोअर, प्ले सर्व्हिसेस, मॅप्स वगैरे. हा भाग खुला नाही. आणि सगळ्यात वर फोन बनवणाऱ्या कंपनीची सजावट, तिची स्वतःची ॲप्स आणि जाहिराती.

आपल्याला ज्याचा त्रास होतो ते बहुतेक सगळं वरच्या दोन थरांत असतं. कारण सरळ आहे. स्वस्त फोनमध्ये हार्डवेअरवर फार नफा सुटत नाही. शाओमीने तर २०१८ मध्ये जाहीरच केलं होतं, की हार्डवेअर व्यवसायावरचा निव्वळ नफा ५ टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. मग कमाई कुठून? जाहिराती आणि इंटरनेट सेवांमधून. फोन स्वस्तात मिळतो, कारण उरलेली वसुली आपल्या स्क्रीनवरून होत असते.

गुगलच्या थराबद्दल आपल्याकडे कायदेशीर लढाईही झाली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडमधल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. गुगलची ॲप्स एकगठ्ठा फोनमध्ये टाकायची सक्ती हा त्यातला एक मोठा मुद्दा होता.

अपडेट बंद का होतात? फोनमधली चिप, मोडेम, कॅमेरा यांचे ड्रायव्हर चिप बनवणारी कंपनी देते. तिने जुन्या चिपसाठी काम थांबवलं, की फोन कंपनीला पुढचं अँड्रॉइड बसवणं महाग पडतं. शिवाय तुम्ही नवा फोन घ्यावा, हे तिच्या फायद्याचंच असतं. मी २०१८ साली घेतलेल्या फोनला (कंपनीचं नाव राहू द्या) मोठी अपडेट दोनच मिळाली. हार्डवेअर मात्र आजही ठणठणीत आहे. बॅटरी बदलून तो मी अजून वापरतो, कसा ते पुढे येईलच.

फोनसाठी कोणते पर्याय आहेत?

१. लिनिएजओएस: कस्टम रॉममधलं सर्वांत ओळखीचं नाव. २००९ मध्ये स्टीव्ह कोंडिकने सुरू केलेला सायनोजेनमॉड हा प्रकल्प डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडला आणि त्याचाच कोड घेऊन स्वयंसेवकांनी लिनिएजओएस उभं केलं. यात मूळ अँड्रॉइड मिळतं, जाहिराती नाहीत, कंपनीची ॲप्स नाहीत. गुगलची ॲप्सही नसतात, हवी असतील तर वेगळी टाकावी लागतात. माझा तो २०१८ चा फोन यावरच चालतो.

२. ग्राफीनओएस: सुरक्षितता हा याचा मुख्य हेतू. गंमत अशी, की गुगलपासून अंतर ठेवायला निघालेली ही सिस्टिम गुगलच्याच पिक्सेल फोनवर चालते. कारण तिला लागणारी हार्डवेअरची सुरक्षा आणि बूटलोडर पुन्हा लॉक करण्याची सोय पिक्सेलमध्ये आहे. प्ले स्टोअर हवं असेल तर ते साध्या ॲपसारखं, खास अधिकार न देता चालवता येतं.

३. ई ओएस: मँड्रेक लिनक्स बनवणाऱ्या गाएल दुव्हालचा हा प्रकल्प. लिनिएजओएसवर आधारित, पण गुगलच्या सेवांऐवजी स्वतःचे पर्याय देतो. कमी खटपटीत गुगलशिवाय फोन वापरायचा असेल, तर याचा विचार करता येतो.

४. उबुंटू टच आणि पोस्टमार्केटओएस: ही अँड्रॉइडच नाहीत, सरळ लिनक्स आहेत. उबुंटू टच कॅनॉनिकल कंपनीने २०१७ मध्ये सोडून दिलं, तेव्हापासून यूबीपोर्ट्स समुदाय ते सांभाळतो. पोस्टमार्केटओएसचं ध्येय फोनचं आयुष्य दहा वर्षांपर्यंत नेण्याचं आहे. दोन्ही शिकण्यासाठी उत्तम आहेत. रोजच्या वापरासाठी मात्र आपल्याकडची बँक आणि सरकारी ॲप्स यांवर चालतील या भरवशावर राहू नका.

किंमत काय मोजावी लागते?

यूट्यूबवरच्या ‘पाच मिनिटांत रॉम टाका’ छापाच्या व्हिडिओंमध्ये हा भाग घाईत उरकलेला असतो. म्हणून तो नीट वाचा.

बूटलोडर: फोन चालू होताना सगळ्यात आधी हा छोटा प्रोग्रॅम चालतो आणि कंपनीने सही केलेलीच सिस्टिम सुरू होऊ देतो. दुसरी सिस्टिम टाकायची तर तो अनलॉक करावा लागतो. काही कंपन्या ही परवानगीच देत नाहीत, काही अर्ज करून काही दिवस थांबायला लावतात. अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. फोटो, चॅट, सगळं. बॅकअप आधी घ्यायचा.

सुरक्षा: लिनिएजओएससारख्या रॉमवर बहुतेक फोनमध्ये बूटलोडर उघडाच ठेवावा लागतो. म्हणजे फोन चोराच्या हाती लागला, तर त्यातली सिस्टिम बदलण्याचा एक रस्ता त्याला मोकळा मिळतो. आणखी एक गोष्ट, रॉम अँड्रॉइडचा भाग ताजा ठेवते, पण मोडेम आणि चिपच्या आतलं बंद सॉफ्टवेअर कंपनीने सोडून दिलं असेल, तर त्यातल्या चुका रॉम बनवणारे दुरुस्त करू शकत नाहीत.

यूपीआय आणि बँक ॲप्स: हा आपल्यासाठी सर्वांत मोठा मुद्दा. अनेक बँक आणि पेमेंट ॲप्स गुगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’ सेवेला विचारतात, की हा फोन मूळ स्थितीत आहे का. बूटलोडर उघडा असेल तर उत्तर बहुधा ‘नाही’ येतं आणि ॲप चालायला नकार देतं. यावर जुगाड आहेत, पण ते आज चालतात आणि उद्याच्या अपडेटनंतर बंद पडतात. मेसची थाळी, रिक्षा, चहा, सगळं ज्या फोनवरून चालतं, तो फोन महिनाअखेरीला काउंटरवर अडून बसला तर काय, याचा विचार आधी करा.

कॉल: जिओचं नेटवर्क फोर-जी आणि फाइव्ह-जीवरच चालतं, त्यामुळे साध्या कॉलसाठीसुद्धा व्होएलटीई लागतं. काही फोनवर रॉम टाकल्यावर व्होएलटीई चालत नाही. तुमच्या मॉडेलची स्थिती आधी तपासा.

व्हिडिओ: बूटलोडर उघडल्यावर अनेक फोनमध्ये वाइडवाइन या कॉपी-संरक्षणाचा दर्जा खाली जातो आणि नेटफ्लिक्ससारख्या ॲपवर एचडी मिळत नाही.

परत न येणाऱ्या गोष्टी: वॉरंटीवर गदा येऊ शकते. सॅमसंगच्या फोनमध्ये अनधिकृत सिस्टिम टाकली, की नॉक्सचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो. मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी तो पूर्ववत होत नाही.

कॉम्प्युटरवर गणित सोपं आहे

मला विचाराल तर पर्यायी सिस्टिमची सुरुवात फोनपासून नको, घरातल्या जुन्या लॅपटॉपपासून करा. विंडोज १० ची मोफत नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. मायक्रोसॉफ्टने सामान्य ग्राहकांना आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट घेण्याची सोय दिली, पण ती तात्पुरती. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर. म्हणजे २०१५-१६ चा धडधाकट लॅपटॉप नियमाप्रमाणे बाहेर.

अशा मशीनवर लिनक्स मिंट छान चालतं. त्याला किमान २ जीबी रॅम लागते, पण ४ जीबी असली तर बरं. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ते पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता चालवून बघता येतं. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, टचपॅड चालतोय का, सगळं तपासा. नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जसंच्या तसं. फोनवर ही सोय नाही.

मराठीचं काय? युनिकोड मराठी लिनक्सवर नीट दिसतं आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो. अडचण येते ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायलींची. घरात कोणाचा डीटीपीचा किंवा छपाईचा धंदा असेल आणि काम श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरवर चालत असेल, तर त्या मशीनला हात लावू नका. फोटोशॉप आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉप आवृत्तीही लिनक्सवर थेट मिळत नाही. लिबरऑफिस आहे, पण दुसऱ्याने पाठवलेल्या फाइलची मांडणी कधीकधी हलते.

गेमर मंडळींसाठी: व्हॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं, त्यामुळे स्टीमवरचे बरेच विंडोज गेम लिनक्सवर चालतात. व्हॅलोरंट मात्र त्याच्या अँटी-चीट यंत्रणेमुळे चालत नाही.

आणि हे सगळं परदेशीच आहे असंही नाही. आपल्या सी-डॅकने बॉस लिनक्स बनवलं आहे आणि केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुलं कितीतरी वर्षांपासून लिनक्सवरच संगणक शिकतात.

सिस्टिम न बदलता काय करता येईल?

बहुतेकांसाठी हाच मार्ग योग्य आहे, आणि माझ्या रोजच्या फोनवर मीही एवढंच केलं आहे:

• नको असलेली ॲप्स काढा, निघत नसतील तर डिसेबल करा. त्यांचं नोटिफिकेशनही बंद करा.
• सेटिंगमध्ये ‘रेकमेंडेशन’ किंवा ‘पर्सनलाइज्ड ॲड्स’ शोधा. कंपनीच्या जाहिरातींचं बटण बऱ्याचदा तिथे लपलेलं असतं.
• अँड्रॉइड १२ पासून पुढे गुगल सेटिंगमध्ये जाहिरात आयडी डिलीट करता येतो. तो करा.
• ब्राउझर म्हणून फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन घ्या.
• एफ-ड्रॉइडवरून खुल्या कोडची फाइल मॅनेजर, गॅलरी, नोट्स अशी साधी ॲप्स घ्या.
• कॉम्प्युटरला जोडून एडीबी वापरता येत असेल, तर रूट न करताही कंपनीची बरीच ॲप्स तुमच्या खात्यापुरती काढता येतात. नाव नीट वाचून काढा, सिस्टिमला लागणारं ॲप काढलं तर फोन सुरूच होणार नाही.

मग कोणी काय करावं?

• एकच फोन आहे आणि बँक, यूपीआय, कॉलेज सगळं त्यावर आहे: रॉम टाकू नका, वरची यादी वापरा.
• जुना फोन कपाटात पडून आहे: लिनिएजओएसच्या अधिकृत यादीत तुमचं मॉडेल बघा. असेल तर बिनधास्त शिका. गाणी, वाचन, व्हिडिओ यासाठी तो अजून कितीतरी चालेल. नसेल तर अनोळखी टेलिग्राम ग्रुपवरची रॉम टाकू नका, ती कोणी बनवली आणि आत काय घातलं हे कळायला मार्ग नसतो.
• गोपनीयता हीच गरज आहे आणि पिक्सेल परवडतो: ग्राफीनओएस बघा, पण तुमच्या बँकेचं ॲप त्यावर चालतं का ते आधी तपासा.
• आई-बाबांचा फोन: तुमच्या प्रयोगासाठी नाही. बिघडला तर फोन त्यांचा अडतो आणि रात्री अकराला कॉल तुम्हाला येतो, तोही शेजाऱ्यांच्या फोनवरून.

नवीन फोन घेणार असाल तर दुकानात कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलबरोबर तीन प्रश्न विचारा. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार? बूटलोडर अनलॉक करता येतो का? लिनिएजओएसच्या यादीत हे मॉडेल आहे का? पहिल्याचं उत्तर आता काही कंपन्या लेखी देतात, पिक्सेल ८ पासून गुगल सात वर्षं सांगतं. बाकी दोन्हींची उत्तरं दुकानदाराला बहुधा माहीत नसतील. ती घरून निघायच्या आधीच शोधून ठेवा, कारण एकदा बिल झालं की हातात तोच फोन पुढची चार वर्षं असणार आहे.