वारसाच्या नोंदी : कळस आणि इंदापूर परगण्यातील कुळांचा शोध

देशावरील एखाद्या शेतकरी कुळाचा पूर्वेतिहास शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाती युरोपातील चर्चच्या दफ्तरांसारखे एकसंध साधन येत नाही. इंग्लंडमध्ये 1538 च्या राजाज्ञेनंतर प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा प्रघात पडला. इंदापूर परगण्यात मात्र धर्मपीठाचा वा सरकारचा असा दंडक नव्हता, आणि येथे कागद झाला तो जमिनीपायी, वतनापायी, कर्जापायी किंवा तीर्थक्षेत्रीच्या दक्षिणेपायी. त्यामुळे कळससारख्या गावातील घराण्याची वंशावळ जुळवणे म्हणजे त्या घराण्याने कोणाकोणापुढे कोणता हक्क सांगितला हे पाहणे होय. ज्यांना हक्क सांगण्याचा प्रसंग आला नाही किंवा मुभा नव्हती, ती माणसे या दफ्तरांत क्वचितच भेटतात.

शोधाच्या आरंभीच गावाची ओळख निश्चित करावी लागते. भीमा आणि नीरा यांच्या मधल्या अवर्षणप्रवण पट्ट्यात, इंदापूर तालुक्यात वसलेले कळस हे त्या नावाचे एकमेव गाव नव्हे. पुणे शहराला लागून एक कळस आहे आणि अकोले तालुक्यातही कळस बुद्रुक व कळस खुर्द आहेत. जुन्या कागदात नुसते ‘मौजे कळस’ वाचून समाधान मानणारा संशोधक म्हणूनच दुसऱ्याच्याच पूर्वजांना आपल्या वंशवृक्षावर चढवून बसण्याचा धोका असतो. गावाच्या नावापुढे परगणा किंवा तर्फ, म्हणजे अनेक गावांचा महसुली विभाग, कोणता लिहिला आहे हे पाहिल्याखेरीज पुढे जाता येत नाही. बारामतीच्या बाजूची सोयरीक शोधतानाही ही खबरदारी घ्यावी लागते, कारण आजच्या बारामती तालुक्यातील गावे एकोणिसाव्या शतकातील कागदांत भीमथडी तालुक्याखाली सापडतात.

पेशवेकालीन साधनांत कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कागद म्हणजे थळझाडा. गावाची जमीन ‘थळ’ या मोठ्या वाट्यांत विभागलेली असे, प्रत्येक थळाला ते मूळ धारण करणाऱ्या कुळाचे नाव असे, आणि या थळांची गाववार यादी म्हणजे थळझाडा. वंशपरंपरेने जमीन धारण करणारा तो मिरासदार, तर मुदतीच्या बोलीवर बाहेरून येऊन कसणारा तो उपरी, असा भेद तेव्हा पाळला जाई. मिरासदाराचे कुळ बुडाले किंवा परागंदा झाले तर त्याची जमीन ‘गतकुळी’ म्हणून लिहिली जाई, परंतु थळाचे नाव बदलत नसे. गावात ज्याचा एकही वंशज उरलेला नाही अशा कुळाचे नाव त्यामुळे पिढ्यानुपिढ्या शेताला चिकटून राही. थळझाड्यात नाव सापडले म्हणून ते कुळ त्या वर्षी गावात नांदत होते असा निष्कर्ष काढता येत नाही, ही गोष्ट हौशी वंशावळकारांच्या सहसा लक्षात येत नाही.

इंदापूर परगण्यात अशा गतकुळींचे कारण दूर शोधावे लागत नाही. यशवंतराव होळकरांच्या 1802 च्या स्वारीत हा मुलूख लुटला गेला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. गावे ओस पडली, आणि पुढे लावणी होऊ लागली तेव्हा जुन्यांपैकी काही परतले, काहींच्या जागी नवे आले. अनेक कुळांच्या परंपरेत ‘मूळ गाव अमुक, दुष्काळात इकडे आलो’ असे सांगितले जाते, ते अशा स्थलांतरांचीच आठवण असण्याचा संभव मोठा आहे. या परगण्याच्या 1761 ते 1828 या काळातील दफ्तरांवर मिचिहिरो ओगावा या जपानी अभ्यासकाने पुणे विद्यापीठात केलेले संशोधन कुळाच्या शोधालाही पार्श्वभूमी पुरवते.

ही दफ्तरे पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पूर्वीच्या पेशवे दफ्तरात, रुमालांत बांधलेली आहेत. रुमाल म्हणजे कापडात गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात त्यांतून निवडून 45 खंड छापले, पण त्यांचा रोख राजकारणावर होता, आणि गावगाड्याचे कागद बहुतांशी मोडी लिपीतच राहिले. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही आणि अक्षरे एकमेकांत गुंतवून लिहिली जातात, त्यामुळे एकाच आडनावाची दोन वाचने संभवतात. कालगणनेचीही अडचण आहे. ‘सन इहिदे सबैन मया व अलफ’ असा अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन म्हणजे 1171. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1770 येते आणि हे वर्ष मृग नक्षत्रापासून मोजले जात असल्याने ते 1771 च्या पूर्वार्धापर्यंत चालते. फसली सनात 590 मिळवावे लागतात. हा हिशेब चुकला तर बापाआधी मुलगा जन्मल्याची वंशावळ तयार होते.

नावांचा घोळ याहून अवघड आहे. जुन्या कागदांत ‘रामजी बिन सटवाजी’ अशी नोंद असते आणि ‘बिन’ म्हणजे अमक्याचा पुत्र. स्त्रीचे नाव आलेच तर ‘कोम’ लिहून पतीचे नाव जोडलेले असते. आडनाव पुष्कळदा गाळलेले असते, आणि नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याच्या रूढीमुळे ‘रामजी बिन सटवाजी’ दोन पिढ्यांच्या अंतराने पुन्हा उभा राहतो. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या मानल्या तर मधल्या दोन पिढ्या गळून पडतात.

कंपनी सरकारच्या काळात इंदापूरचे महत्त्व वेगळ्याच कारणाने वाढले. रॉबर्ट कीथ प्रिंगल याची पहिली जमीन मोजणी फसल्यानंतर गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनी 1835 मध्ये येथूनच नवे काम सुरू केले, आणि 1836 मध्ये तीस वर्षांच्या मुदतीने लागू झालेली येथील जमाबंदी मुंबई इलाख्यातील रयतवारी व्यवस्थेचा पाया ठरली. या पद्धतीत प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला आणि त्याच्या साऱ्याची जबाबदारी एका नावावर, म्हणजे खातेदारावर, टाकण्यात आली. थळ हे कुळाचे होते, सर्व्हे नंबर व्यक्तीचा झाला. कुळाच्या शोधात हा बदल निर्णायक आहे, कारण त्या वेळी ठरलेला सर्व्हे नंबर हातात असला की आडनावे बदलोत, माणसे स्थलांतर करोत, शेताच्या मागे जाऊन माणसापर्यंत पोहोचता येते. वतनदार घराण्यांना आणखी एक साधन मिळाले. 1852 च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनपुढे इनामदारांना आपली कैफियत, म्हणजे हक्काची लेखी हकीकत, वंशावळीसह मांडावी लागली. अर्थात इनाम टिकवण्यासाठी लिहिलेली वंशावळ ही पक्षकाराची वंशावळ असते आणि भाऊबंदांपैकी कोणाला वगळायचे याचा विचार तीत आधीच झालेला असतो.

काही कागद मुद्दाम नष्ट केले गेले. 12 मे 1875 रोजी सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला, तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला आणि इंदापूर तालुकाही त्यातून सुटला नाही. सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळणे हाच या दंग्यांचा मुख्य हेतू होता. बाप, मुलगा, जामीन आणि साक्षीदार यांची नावे ज्या कागदांत एकत्र असत तेच कागद असे राख झाले. मात्र 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जरोख्यांची नोंदणी गावपातळीवर सक्तीची केली आणि तेथून नवी मालिका सुरू झाली.

विसाव्या शतकातील शोध तलाठी दफ्तराभोवती फिरतो. 1903 च्या कायद्याने हक्कनोंद सुरू झाल्यावर गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, अस्तित्वात आली. खातेदार मयत झाला की त्याचे वारस, त्यांची वये व नाती तीत लिहिली जात, त्यामुळे एकाच फेरफारात दोन आणि कधी तीन पिढ्या हाती लागतात. नावापुढची संक्षिप्ते मात्र समजून घ्यावी लागतात : ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अर्थात अल्पवयीन वारसाच्या वतीने उभी असलेली व्यक्ती, आणि ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. दुसऱ्या प्रकारात एका नावामागे अख्खी भावकी दडलेली असते आणि धाकट्या भावांचा मागमूस लागत नाही. मृत्यूची तारीख हवी असेल तर गाव नमुना चौदा, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यातील जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहाव्या लागतात. 1896 नंतरचा प्लेग आणि 1918 चा इन्फ्लुएंझा यांनी कोणती घरे रिकामी केली ते त्यांवरून कळते. शाळेचे जनरल रजिस्टर हा त्याला पूरक पुरावा, पण तेथील जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने घातलेली असण्याचा संभव नेहमी धरावा.

सरकारी दफ्तराबाहेर त्र्यंबकेश्वर व पंढरपूर येथील क्षेत्रोपाध्यांच्या वह्या आहेत. त्यांत यात्रेकरू आपले गाव, बाप-आजांची नावे आणि सोबतच्या नातलगांची नावे लिहून देत. दक्षिण महाराष्ट्रात बैल घेऊन फिरणारे हेळवी कुळांच्या वंशावळी वाचून दाखवतात आणि नव्या जन्मांची भर घालतात. सासुरवाशिणी व माहेरवाशिणी यांची नावे क्षेत्रोपाध्यांच्या वहीत सातबाऱ्यापेक्षा अधिक सापडतात, कारण तेथे जमिनीचा प्रश्न नसतो.

2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी तपासायला घेतल्यापासून ही सारी दफ्तरे पुन्हा उघडली गेली आणि मोडी वाचकांची मागणी एकाएकी वाढली. कुणबी जातीच्या दाखल्यासाठी जोडलेल्या वंशावळीत अर्जदारापासून नोंद सापडलेल्या पूर्वजापर्यंतची पुरुषांची रांग पुरेशी असते. आत्या, बहिणी आणि लेकी तिच्यात येण्याचे कारण नसते. त्यांची नावे मिळवायची तर 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाल्यानंतरचे वारस फेरफार चाळावे लागतात. तेथे वडिलांच्या निधनानंतर मुलींची नावे प्रथमच ओळीने लागतात, आणि पुष्कळ ठिकाणी पुढच्याच फेरफारात हक्कसोडपत्राने, म्हणजे भावांच्या लाभात हिस्सा सोडल्याच्या दस्ताने, ती कमी होतात. त्या दस्तात प्रत्येकीचे वय, सासरचे आडनाव आणि सासरचे गाव लिहिलेले असते, आणि कळसच्या कुळांची सोयरीक कोणकोणत्या गावांशी होती याची भरवशाची यादी बहुधा तेथेच मिळते.