'गॉथिक' आणि 'ॲबी'

'गॉथिक' हे मुळात एका जमातीवरून पडलेले विशेषण. गॉथ हे जर्मन कुळातले लोक. त्यांच्यातल्या व्हिसिगॉथांनी इ.स. 410 मध्ये रोम लुटले. पुढे प्रबोधनकाळातल्या इटालियन पंडितांना मध्ययुगीन चर्चच्या टोकदार कमानी ओबडधोबड वाटू लागल्या आणि त्यांनी त्या बांधणीचे खापर गॉथांवर फोडले. वास्तविक त्या कमानी उभ्या राहिल्या तेव्हा गॉथांची राज्ये लयाला जाऊन शतके लोटली होती. शिवी म्हणून आलेला शब्द शैलीचे नाव होऊन बसला. 1765 मध्ये होरेस वॉलपोलने 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'च्या दुसऱ्या आवृत्तीला 'गॉथिक कथा' म्हटले, आणि शब्द वास्तूतून साहित्यात शिरला.

जेन ऑस्टिनच्या मृत्यूनंतर, 1817च्या अखेरीस निघालेल्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत हे दोन्ही अर्थ समोरासमोर येतात. ॲन रॅडक्लिफच्या भयकथांनी भारावलेली सतरा वर्षांची कॅथरीन मोरलँड त्याच नावाच्या घरात पाहुणी येते. खिडक्यांच्या कमानी टोकदारच आहेत, घरमालक जनरल टिल्नींनी त्या मुद्दाम जपल्या आहेत. पण काचा मोठ्या, स्वच्छ, भरपूर उजेड देणाऱ्या! रात्री काळ्या कपाटात सापडलेली कागदांची गुंडाळी सकाळी उलगडते, तर त्यात कपडे धुलाईचे हिशेब.

'ॲबी'चा उगम अरामी 'अब्बा'त, म्हणजे 'बाप' या शब्दात. उर्दूतला 'अब्बा'ही सेमिटिक कुळातलाच. लॅटिनमध्ये 'अब्बास' झाला मठाधिपती, आणि 'अब्बातिया' त्याचा मठ. राजा आठव्या हेन्रीने 1536 ते 1540च्या दरम्यान इंग्लंडमधले मठ बरखास्त केले. त्यांतल्या कित्येक वास्तू धनिकांची घरे झाल्या, तरी नाव ॲबीच राहिले. टिल्नींचे घर त्यांतलेच. मठ गेला, बाप उरला.

या बापाने, म्हणजे जनरल टिल्नींनी, बायकोचा जीव घेतला असावा, असा कॅथरीनला संशय येतो. तो साफ खोटा ठरतो. पण ती आपल्याला वाटली तशी श्रीमंत नाही, हे कळताच जनरल तिला सकाळी सातला घराबाहेर काढतात. सत्तर मैलांचा प्रवास, आणि सोबतीला साधा नोकरही नाही.

म्हणून ऑस्टिनने केलेली भयकथांची ही थट्टा मला फार मायेची वाटते. कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलीला ऑस्टिन खुळी ठरवत नाही. त्या घरात भिण्यासारखे काही आहे, हे कॅथरीनला बरोबर जाणवले होते. भीतीचे मूळ भुयारात शोधायचे नसून घरातल्या कर्त्या माणसाच्या हुकमतीत आणि पैशाच्या हिशेबात शोधायचे, एवढेच तिला शिकायचे होते. ती जाणती होते ती या शिकण्यातून.