जखडलेला जबडा

श्रोतेहो, कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडून मिटा. बोटाखाली जे हलते, तो जबड्याचा सांधा. घास चावणे, बोलणे, जांभई देणे, सारे त्याच्यावर चालते. तो बिघडला तर काय करावे, हा प्रश्न फार जुना आहे.

निखळलेला जबडा हाताने बसवता येतो, हे ज्ञान प्राचीनच. इ. स. पूर्व १६०० च्या सुमाराच्या एका इजिप्शियन वैद्यकीय लेखात त्याची रीत दिली आहे : अंगठे तोंडात, बोटे हनुवटीखाली, आणि जबडा मागे सारायचा. आपल्या सुश्रुतसंहितेतही हा सांधा शेकून, जागी बसवून पट्टी बांधायला सांगितले आहे.

पण सांध्याची हाडे एकमेकांत जुळूनच गेली तर? मूल हनुवटीवर आपटते, किंवा कान फुटून पू आत उतरतो, आणि पुढे हळूहळू तोंड उघडेनासे होते. इथे नुसत्या हाताचे काम संपले. १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथरची भूल यशस्वी झाली आणि शस्त्राला वाव मिळाला. १८५६ मध्ये केंब्रिजच्या हंफ्रीने या सांध्यातले हाडाचे टोक कापून काढले. पण हाडच ते! मोकळी केलेली जागा पुन्हा जुळून येई. म्हणून फटीत काहीतरी घालावे, ही कल्पना निघाली. न्यूयॉर्कच्या कार्नोकनने तर १८६० च्या सुमारास चक्क लाकडाचा तुकडा घातला!

लाकडाला हसू नका बरं. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत सांध्यातली खराब कूर्चा काढून टेफ्लॉनच्या चकत्या बसवल्या गेल्या. त्या झिजल्या, त्यांच्या कणांमुळे भोवतालचे हाड खचू लागले, आणि १९९० साली तिथल्या सरकारला इशारा द्यावा लागला. आज बहुधा रुग्णाच्याच कानशिलाच्या स्नायूचा थर फटीत घालतात. मोठ्या माणसांना कृत्रिम सांधाही बसवतात.

तरी शेवटी काम येते ते हातावरच. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने रोज तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागतो. तो दुखतो, मूल रडते, आईचा जीव कळवळतो. पण व्यायाम सुटला की जबडा पुन्हा जखडतो.

म्हणून गुरुजी, हनुवटीवर पडलेले मूल विसरू नका. काही आठवड्यांनी त्याला त्याचीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील, तर त्याला लवकर मोठ्या रुग्णालयात दाखवायला लावा. उशीर झाला तर हनुवटीची वाढ खुंटते आणि चेहराच बदलतो.