फोटिअसची टिपणवही

वाचनाची आवड असूनहि नोकरीच्या व प्रपंचाच्या धबडग्यांत वाचन टिकत नाहीं, आणि टिकलें तरी वाचलेल्या पुस्तकाविषयीं चार ओळी लिहून ठेवण्याचें होतच नाहीं, ही तक्रार आम्हीं पुष्कळ सुशिक्षित घरांतून ऐकिली आहे. खरें सांगावयाचें तर ती आमची स्वतःचीहि आहे. अकराशें वर्षांपूर्वीं कॉन्स्टँटिनोपल येथें, म्हणजे आजच्या इस्तंबुलांत, दरबारी कामांत आकंठ बुडालेल्या एका गृहस्थानें या अडचणींतून वाट काढिली होती. तिची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या गृहस्थाचें नांव फोटिअस. तो बायझंटाइन बादशाहीच्या दफ्तराचा मुख्य चिटणीस होता. इ. स. ८५८ मध्यें राजकारणाची उलथापालथ झाली, आणि हा प्रापंचिक मनुष्य आठवड्याच्या आंत धर्मदीक्षा घेऊन तेथील ख्रिस्ती धर्मपीठावर बसविला गेला. ८६७ त त्याची उचलबांगडी झाली, ८७७ त त्याला पुन्हां पीठ मिळालें आणि ८८६ त तें पुन्हां गेलें. एवढ्या धामधुमींत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला निवांत वेळ कितीसा मिळाला असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. धर्मपीठावर आल्यावर लिहिलेल्या एका पत्रांत मात्र त्यानें आपल्या पूर्वींच्या घराचें मोठें हृद्य वर्णन केलें आहे. त्याच्या घरीं शिकावयास जमणारी मंडळी तो राजवाड्यांत जावयास निघाला म्हणजे त्याला पोंचवावयास येत, लवकर परत यावें अशी विनवणी करीत, आणि तो परतण्याच्या वेळीं दारांत वाट पाहत उभी असत. कचेरींतून थकून आलेल्या मनुष्याचें असें स्वागत आजकाल कोठें होत असल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं!

या फोटिअसला टारॅसिअस नांवाचा भाऊ होता. फोटिअसची नेमणूक परमुलखाच्या वकिलातींत झाली (ही वकिलात बगदादच्या खलिफांकडे होती असें सामान्यतः समजतात), तेव्हां भावानें त्याच्याजवळ एक मागणी केली : ज्या पुस्तकांच्या वाचनाच्या वेळीं मी हजर नव्हतों, त्यांचा सारांश मला लिहून दे. वियोगाचें दुःख हलकें करण्याचा हा उपाय कोणालाहि मोठा विलक्षण वाटेल. फोटिअसनें एक लेखनिक हाताशीं घेतला आणि जसजशीं पुस्तकें आठवत गेलीं तसतशीं टिपणें सांगितलीं. त्यांत कालाचा अगर विषयाचा क्रम नाहीं. सुमारें २८० टिपणें आहेत. कांहीं दोन-चार ओळींचीं, तर कांहीं पानेंच्या पानें चाललेलीं. बहुतेकांचा आरंभ ‘वाचला’ या एकाच क्रियापदानें होतो; मग ग्रंथाचें नांव, कर्त्याची माहिती, आंतील मजकूर आणि शेवटीं भाषेविषयीं अभिप्राय. हें सर्व प्रवासापूर्वींच उरकलें कीं नंतर बरीच भर पडली, आणि ती वकिलात नेमकी कोणत्या सालची, याविषयीं विद्वानांत अद्याप वाद आहे. आमच्या मतें त्या वादानें टिपणांची किंमत रेसभरहि कमी होत नाहीं.

त्यांतील एक टिपण आम्हां हिंदी वाचकांस विशेष जवळचें आहे. क्टीसिअस नांवाचा एक ग्रीक वैद्य इ. स. पूर्वीं ४०० च्या सुमारास इराणचा बादशहा आर्टाझर्क्सीझ याच्या पदरीं होता. तो हिंदुस्थानांत कधीं आला नाहीं, परंतु दरबारांत कानीं आलेल्या गोष्टींवरून त्यानें आपल्या देशावर एक ग्रंथ लिहिला. तो मूळ ग्रंथ नष्ट झाला, आणि आज त्याविषयीं जें आपणांस ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग फोटिअसच्या टिपणांतून आलेला आहे. त्यांत कुत्र्याच्या डोक्याचीं माणसें आहेत, माणसाच्या तोंडाचें हिंस्र जनावर आहे. आणि एक पक्षी आहे, जो माणसासारखी हिंदी भाषा बोलतो व शिकविल्यास ग्रीकहि बोलेल! हा आपला राघूच, दुसरा कोण? हिंदी लोकांची न्यायबुद्धि आणि मरणाविषयींची बेपर्वाई यांचें वर्णनहि त्या ग्रंथांत होतें, असें फोटिअस सांगतो. परंतु तो भोळा वाचक नव्हे. हेरोडोटसला खोटा ठरविणारा हा क्टीसिअस स्वतःच भाकडकथा सांगण्यांत मागें नाहीं, हें त्यानें स्पष्ट नमूद केलें आहे. भाषा सरळ व सुबोध आहे, हें श्रेयहि त्याला दिलें आहे.

फोटिअसनें वाचलेल्या ग्रंथांपैकीं निम्म्याच्या आसपास आज उपलब्ध नाहींत. डायोडोरसच्या इतिहासाचे चाळीसहि भाग त्याच्या हातीं होते. आपल्याला पूर्ण मिळतात ते पंधरा. मेम्नॉन नांवाच्या इतिहासकाराचा तर सगळा आधारच हें एक टिपण. भावासाठीं लिहिलेला मजकूर असा ग्रंथांच्या बुडालेल्या जहाजाचें शेवटचें फळकूट ठरला.

नियमित वाचणाऱ्यांचें उदाहरण म्हणून लोक रोमच्या थोरल्या प्लिनीकडे बोट दाखवितात. जेवतांना, अंग पुसून घेतांना, प्रवासांत, सर्वत्र त्याच्याजवळ वाचणारा व टिपणारा असे. भाचा पायीं फिरतांना दिसला तेव्हां, पालखींत बसला असतास तर एवढा वेळ वांचला असता, म्हणून त्यानें त्यालाहि बोल लाविला! त्यानें बारीक अक्षरांत पाठपोट लिहिलेल्या १६० वह्या मागें ठेविल्या; आज त्यांतील एकहि नाहीं. असल्या वाचनाची आम्हांस थोडी धास्तीच वाटते. त्यापेक्षां आपले न्या. रानडे आम्हांस जवळचे वाटतात. त्यांचे डोळे विद्यार्थिदशेपासून अधू. घरीं रमाबाई त्यांना वाचून दाखवीत, हें त्यांच्या १९१० च्या आठवणींवरून सर्वांस माहीत आहे. आणि हायकोर्टाचें काम सांभाळून त्यांनीं १८९८ सालीं मराठी ग्रंथांच्या वाढीचा आढावा इंग्रजींत लिहिला. वाचून दाखविणारें अगर ऐकणारें कोणी घरांत असलें म्हणजे वाचन प्रपंचाच्या आड येत नाहीं, प्रपंचांतच मिसळून जातें.

पहिल्या पदच्युतीनंतरच्या काळांत फोटिअसनें बेसिल बादशहास जें पत्र लिहिलें, त्यांत इतर हालांबरोबर पुस्तकें हिरावून घेतल्याचें दुःख त्यानें मोठ्या कळवळ्यानें मांडिलें आहे. तें वाचतांना आम्हांस आमच्या धाकट्या भावाची आठवण होते. तो रेल्वेंत नोकरीला होता व आडगांवच्या स्टेशनांवर त्याचीं वर्षें गेलीं. जवळपास ग्रंथालय नाहीं. दर महिन्यास आम्ही त्याला आंतर्देशीय पत्रांत वाचलेल्या पुस्तकांची हकीकत कळवीत असूं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर असले तरी तें पत्र चुकलें नाहीं. चार वर्षांपूर्वीं तो गेला, आणि पुढें वाचलें पुष्कळ, पण लिहिलें कांहींच नाहीं. गेल्या दिवाळींत वहिनींनीं तीं सर्व पत्रें आमच्या स्वाधीन केलीं. त्यांतील एका पत्रांत वर्णिलेलें पुस्तक पुन्हां पाहावें म्हणून आम्ही ज्या ग्रंथालयांतून तें आणिलें होतें तेथें गेलों. तें कपाटच वाळवीनें खाल्लें होतें. दुसरी प्रत आम्हांस अद्याप मिळाली नाहीं. पत्रांत त्याविषयीं सात ओळी आहेत, आणि त्या आम्हीं आतां नव्या वहींत उतरून घेतल्या आहेत.